एका कडुनिंबाच्या गाठीचे दोन वाडगे: खारपाणपट्ट्यातलं एक प्रकरण

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट असलेल्या खारपाणपट्ट्यात, एका वावराच्या धुऱ्यावरचं (बांधावरचं) जुनं कडुनिंब एप्रिलच्या शेवटी वादळात मुळासकट आडवं झालं. फांद्या सरपणाला गेल्या, खोड आरा मशीनवर गेलं. खोडाला कमरेच्या उंचीवर आवाळूसारखी एक गाठ होती, सुमारे ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि २० फुगलेली. खरादी, म्हणजे लेथवर लाकूड कातणारे कारागीर, अशा गाठीला हल्ली बर्लच म्हणतात. ती तालुक्यातल्याच एका खरादीने मागून घेतली. त्याच्याकडे भिंतीवर लावायच्या, निळ्या-केशरी रंगाच्या पसरट वाडग्याची मागणी होती. वजन भरलं साधारण २८ किलो. गाठ मधोमध आडवी कापून दोन तुकडे केले.

पहिल्या तुकड्याचा वाडगा मेमध्येच वाया गेला. दुसऱ्याचा जानेवारीत झाला आणि ग्राहकाच्या भिंतीवर लागला. लाकूड, लेथ आणि कारागीर तेच होते. पहिल्या वाडग्यात जे बिघडलं ते बहुतेक रंग दिल्यावर डोळ्यांना दिसलं, म्हणून सुरुवातीला दोष रंगाच्या पुडीला दिला गेला. पुडीचा दोष होताच, पण अनेकांतला एक. बाकीचे बहुतेक वाळवणं, घासणं, पाणी आणि चिकटवणं यांत आधीच घडून गेले होते.

आधी या लाकडाबद्दल. साध्या खोडात धागे उभे, एका दिशेने जातात. गाठीत ते शेकडो दबलेल्या कळ्यांभोवती वळसे घेतात. कापल्यावर या कळ्या बारीक डोळ्यांसारख्या दिसतात, आणि गाठीची सगळी किंमत त्या डोळ्यांत असते. पण प्रत्येक डोळा म्हणजे आडवा कापलेला धागा. तो टिपकागदासारखा रंग पितो, शेजारचा भाग कमी पितो. डोळ्यांच्या मधे सालीचे पट्टेही अडकलेले असतात. ते लाकडाला धड चिकटलेले नसतात, त्यामुळे भेग बहुतेक तिथूनच सुटते. धुऱ्यावरच्या झाडात आणखी एक खोट असते: कधीकाळी कुंपणाची तार ठोकलेली असते आणि खिळे लाकडाने गिळलेले असतात. आरीवर घेण्याआधी स्पीकरमधल्या चुंबकाने गाठ चाचपून घ्यावी, पण खोलवरचा खिळा चुंबकालाही कळत नाही. या गाठीत एक यू-खिळा निघाला. त्याच्याभोवती बोटभर काळा-निळा डाग होता, कारण लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी लोखंड मिसळलं की शाईच तयार होते.

कायद्याचंही इथेच सांगितलेलं बरं. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या अधिनियमात साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, बिजा अशी झाडं अनुसूचीत आहेत. कडुनिंब त्यात नाही. तरी पडलेल्या झाडाची गाठ गावाबाहेर न्यायची असेल तर वाहतूक परवान्याचं वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारून घ्यावं. आणि उभ्या झाडाची गाठ कधीही तासून काढू नये. ती काढली की खोडाला उघडी जखम राहते, तिच्यातून बुरशी आत शिरते आणि झाड पोखरत जातं. पडलेल्या झाडांच्याच गाठी इतक्या सरपणात जातात की उभ्या झाडाला हात लावायचं कारण नाही.

पहिला वाडगा

ओला तुकडा लेथवर चढवून २६ सेंटिमीटर व्यासाचा वाडगा एकाच दिवसात थेट १० मिलिमीटर जाडीपर्यंत उतरवला आणि टिनाच्या शेडमध्ये फळीवर ठेवला. चौथ्या दिवशी काठाला चांदणीसारख्या भेगा दिसल्या. त्या फेविक्विक आणि भुशाने भरल्या. पुढे जोरात घासणं, बोअरच्या पाण्याने पुसून धागा उठवणं (दबलेले बारीक तंतू उभे करणं), पुन्हा घासणं झालं. बाजारातल्या पुडीचा निळा आणि केशरी रंग स्पिरिटमध्ये घोळून लावला, वर चपड्याचं (लाखेचं) पॉलिश फिरवलं. निळा हिरवट-मातकट दिसला, भेगांभोवती फिकट डाग उमटले, पृष्ठभागावर केसासारख्या काळ्या रेघा आल्या, काही ठिकाणी पांढुरकी झाक आली आणि पॉलिशच्या फडक्यासोबत केशरी रंग निळ्यात ओढला गेला. शेवटचं कारण तर साधं आहे. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, रंगही स्पिरिटमध्येच घोळलेला होता, म्हणजे पॉलिशने रंग पुन्हा ओला केला.

भेगांचं कारण आकड्यांत मांडता येतं. लाकडातला ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरतो तेव्हाच ते आकसायला लागतं. ही गाठ ६० टक्क्यांच्या आसपास ओली होती. या पट्ट्यात मेच्या दुपारी हवेची आर्द्रता १५-२० टक्क्यांवर येते आणि तापमान ४५ अंशांकडे जातं. अशा हवेत लाकडाचा पृष्ठभाग ३-४ टक्के ओलाव्याकडे ओढला जातो. वरचा पापुद्रा आकसू पाहतो, आतला ओला गाभा त्याला आकसू देत नाही, मग पापुद्रा फाटतो. सरळ धाग्याच्या लाकडात एक लांब चीर गेली असती. गाठीत धागा सरळ नाही, म्हणून डोळ्याभोवती आखूड आखूड चिरा जातात. टिनाखालची दुपार आणि रात्री कूलरच्या खोलीत हलवणं, या दोन्हींनी हे आणखी वाढलं. कूलरसमोर ठेवून लाकूड जपता येतं ही समजूत सोडायला हवी. कूलर चालू असताना ओल, बंद झाला की कोरड. असा रोजचा झोकाही लाकडाला वाईटच.

फिकट डाग फेविक्विकचे. ते पाण्यासारखं पातळ असतं, आडव्या धाग्यातून भेगेच्या बाहेर बोटभर पसरतं आणि लाकडाची तोंडं बंद करतं. तिथे रंग शिरत नाही. वरून घासून ते जात नाही, कारण ते खोल गेलेलं असतं.

काळ्या रेघा सगळ्यात फसव्या. त्या घासण्याच्या उष्णतेने पडल्या होत्या. वाडगा मिनिटाला हजारावर फेऱ्यांनी फिरतोय, जुना बोथट काचपेपर दाबून धरलाय, हाताला चटका बसेल इतकं लाकूड तापलंय, अशा वेळी पृष्ठभागावर नजरेला न दिसणाऱ्या चिरा पडतात. बिनरंगाच्या वाडग्यात त्या कधी कळल्याही नसत्या. रंग त्यांत आधी शिरतो आणि त्यांना कोरून दाखवतो.

पांढुरकी झाक पाण्याची. खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी खारट आणि जड असतं. ते लाकडावर सुकलं की क्षार पृष्ठभागावर राहतात आणि पॉलिशखालून डोकावतात. पाण्यात लोह असेल तर लाकूड राखाडीही पडतं. विदर्भात रंगकामाला इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटरच वापरावं. कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतं आणि एका वाडग्याला लिटरभर पुरतं.

निळा मातकट झाला तो लाकडाच्या स्वतःच्या रंगामुळे. कडुनिंबाचा गाभा तांबूस-तपकिरी असतो. पारदर्शक निळा त्यावर चढला की खालचा तांबूस-पिवळा त्यात मिसळतोच. पांढऱ्या कागदावर रंगाचा नमुना बघून ग्राहकाला होकार देऊ नये. त्याच गाठीच्या उरलेल्या तुकड्यावर पट्टी रंगवून दाखवावी.

दुसरा तुकडा, मे ते जानेवारी

दुसरा तुकडा मेमध्ये लेथवर चढवलाच नाही. सगळ्या कापलेल्या बाजूंवर मेणबत्तीचं मेण वितळवून दोन हात दिले. मेणाचं भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवूनच वितळवावं, थेट जाळावर ठेवलं तर ते पेटतं. सालीची बाजू तशीच उघडी ठेवली. तुकडा मातीच्या भिंतीच्या खोलीत, जमिनीपासून दोन विटा वर, गोणपाटाखाली ठेवला. पाण्यात बुडवून ठेवायचा सल्ला गावात मिळाला होता, तो टाळला ते बरं झालं, खारं पाणी महिनाभर लाकडात मुरलं असतं. पावसाळा लागल्यावर बाहेरच्या पांढऱ्या लाकडावर थोडी बुरशी धरली, ती पुढे कातताना निघून गेली.

श्रावणात, हवा दमट असताना, कच्चा वाडगा उतरवला. इथे कच्च्या जाडीचा नियम व्यासाचा दहावा हिस्सा: २६ सेंटिमीटरला २६ मिलिमीटर. सगळीकडे सारखी जाडी महत्त्वाची, तळ जाड आणि काठ पातळ राहिला तर दोघांच्या वाळण्यात ओढाताण होते. लेथ १ एचपीचा, सिंगल फेज. तोल नसलेला तुकडा ३५० फेऱ्यांवर सुरू केला, गोल झाल्यावर ६०० वर नेला. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, मोटर गुरगुरते आणि तापते, तेव्हा काम थांबवावं. दाबून काम रेटलं की गोल पटाशी सालीच्या पट्ट्यात अडकते आणि तुकडा चकातून (लेथवर तो धरून ठेवणाऱ्या पकडीतून) निघून येतो. या वाडग्यात तीन सालीचे पट्टे होते. त्यांत काजळी मिसळलेलं घट्ट, अर्ध्या तासात बसणारं इपॉक्सी याच कच्च्या अवस्थेत भरलं. घट्ट इपॉक्सी धाग्यात फारसं पसरत नाही, आणि जे थोडं पसरतं ते पुढे १५ मिलिमीटरहून जास्त जाडी उतरताना बरंचसं कातलं जातं. भेग भरायची ती रंगाच्या आदल्या दिवशी नाही, महिनोन्‌महिने आधी.

कच्च्या वाडग्याचं वजन १,९४० ग्रॅम. पेन्सिलीने तळाला तारीख आणि वजन लिहिलं. मग तो वर्तमानपत्राच्या चार थरांत गुंडाळला, पोत्यात हरभऱ्याचं कोरडं कुटार (भुसकट) भरून त्याच्या मधोमध पुरला. कुटार ओल हळूहळू शोषतं आणि वाऱ्याला थेट लागू देत नाही. लाकडाचा भुसाही चालतो, पण आपल्याकडे कुटार घरचं असतं आणि दर १५ दिवसांनी बदलायला भरपूर मिळतं. बदलायला मात्र हवंच. ओलं झालेलं कुटार तापतं, कुजतं आणि वाडग्याला काळी बुरशी लावतं.

दर रविवारी वजन घेतलं. पहिल्या तीन आठवड्यांत भरभर उतरलं, दसऱ्याच्या सुमारास वेग मंदावला. दिवाळीनंतर कुटार काढून टाकलं आणि वाडगा नुसत्या कागदात, खोलीतल्या फळीवर ठेवला. डिसेंबरच्या अखेरीस लागोपाठ दोन आठवडे वजन १,३३० ग्रॅमवर थांबलं. ओलावा मोजायचं यंत्र नसलं तरी चालतं. वजन थांबलं म्हणजे लाकूड त्या हवेशी जुळलं, आणि इथल्या हिवाळ्याच्या हवेत ते सुमारे ९-१० टक्के ओलाव्यावर जुळतं. उन्हाळा याच्या खाली आणि पावसाळा याच्या वर, त्यामुळे अखेरचा हात मारायला पौष-माघ हाच आमच्या मते विदर्भातला खरा काळ. वाळताना वाडगा गोलाचा थोडा लांबट झाला, ते अपेक्षितच होतं आणि जादा जाडी त्यासाठीच ठेवलेली होती.

जानेवारीत ८०० फेऱ्यांवर, ताज्या धारेच्या पटाशीने ९ मिलिमीटरपर्यंत उतरवला. काठाची कड चाकूसारखी न ठेवता दीड मिलिमीटर गोल केली, कारण धारदार कडेवरचा रंग पहिल्या पुसण्यातच उडतो. घासताना वेग ३०० वर आणला आणि काचपेपर ८०, १२०, १८०, २२०, ३२० असा क्रमाने वापरला. पेपर हाताला कोमट लागला की थांबायचं आणि तुकडा बदलायचा. प्रत्येक नंबरनंतर भुसा पुसून, स्पिरिटचं फडकं फिरवून, तिरप्या उजेडात आधीच्या नंबरचे ओरखडे गेले का ते बघितलं. ३२० च्या पुढे गेलं नाही. त्याहून गुळगुळीत केलं की पृष्ठभाग चकाकतो खरा, पण रंग आत शिरायला तयार होत नाही. कडुनिंबाचा भुसा नाक-घसा झोंबवतो, गाठीचा तर फार बारीक असतो. साधा रुमाल पुरत नाही, धुळीचा मास्क हवा.

खिळ्याचा काळा डाग उरला होता. ऑक्झॅलिक ॲसिड ८० ग्रॅम एक लिटर गरम डिस्टिल्ड पाण्यात घोळून त्या जागी ब्रशने दोनदा लावलं, अर्ध्या तासाने साध्या डिस्टिल्ड पाण्याने तीनदा धुतलं. हे विषारी आहे, आणि धुतलं नाही तर त्याचे स्फटिक सुकून घासताना श्वासात जातात.

मग ज्या भागावर निळा हवा होता तेवढाच भाग उजळवला. आधी कॉस्टिक सोडा, ७० ग्रॅम एक लिटर पाण्यात (पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही). दहा मिनिटांनी त्यावर ३५ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साईड. प्लास्टिकचं भांडं, नायलॉनचा ब्रश, रबरी हातमोजे आणि चष्मा. धातूचं भांडं अजिबात नको. पेरॉक्साईड कातडीला पांढरं करून जाळतं, डोळ्याला तर धोकाच. तांबूसपणा तासाभरात उतरून फिकट गव्हाळ रंग आला. दुसऱ्या दिवशी अर्ध्या पाण्यात व्हिनेगर मिसळून ते फिरवलं, मग डिस्टिल्ड पाणी, आणि दोन दिवस सावलीत सुकवलं. सोडा उरला तर वरचा रंग बदलतो. उजळवण्याने धागा उठला, तो झिजलेल्या ३२० च्या पेपरने हलक्या हाताने बसवला.

रंग

पुडीतले स्वस्त, झगझगीत रंग उजेडात फिके पडतात, हे दुकानदार सांगत नाही. पळसाच्या फुलांचा केशरी आणि हळदीचा पिवळा यांचा मोह विदर्भात होतोच, पण हळद खिडकीजवळ काही आठवड्यांत उडते आणि पळसही टिकाऊ नाही. बाभळीच्या सालीचा काढा आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेलं लोखंड यांचा काळा मात्र खरोखर टिकतो. तो साध्या फुलदाणीला शोभतो. इथे तो घेतला नाही, कारण तो डोळ्यांसोबत मोकळं लाकूडही राखाडी करतो आणि वरचे रंग मळवतो. या वाडग्याला मेटल कॉम्प्लेक्स प्रकारचे (धातू जोडलेले, उजेडात जास्त टिकणारे) गाढे द्रवरंग घेतले, ते पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये दोन्हींत मिसळतात. तरीही आधी एक पट्टी रंगवून अर्धी झाकून तीन आठवडे उन्हात ठेवली होती आणि फरक तपासला होता.

पहिला हात काळा: पाण्यात विरघळणारी काळी पूड ३ ग्रॅम, १०० मिलिलिटर गरम डिस्टिल्ड पाण्यात. वाडगा पुरता काळा झाला. रात्रभर सुकल्यावर २४० च्या आणि मग ३२० च्या पेपरने घासून काढला. मोकळ्या लाकडावरचा काळा निघाला, डोळ्यांत आणि वळशांत तो राहिला. गाठीचं रूप उठून येतं ते या एका पायरीने. इथे घाई केली तर वरचे रंग कितीही चांगले असोत, वाडगा रंगवलेल्या प्लास्टिकसारखा सपाट दिसतो.

पुढचे रंग एक भाग गाढा रंग, पंचवीस भाग द्रावक (निम्मं डिस्टिल्ड पाणी, निम्मं आयसोप्रोपाईल अल्कोहोल) असे पातळ केले. नुसतं अल्कोहोल इतकं पटकन उडतं की फडक्याचे पट्टे उमटतात, उन्हाळ्यात तर हाताखालीच सुकतं. मधल्या भागावर आधी पिवळा, मग केशरी, शेवटी तळाशी थोडा लाल, घडी केलेल्या सुती फडक्याने. काठाच्या उजळवलेल्या पट्ट्यावर निळा. निळा आणि केशरी थेट भेटले की तपकिरी चिखल होतो, म्हणून मधे दोन सेंटिमीटर जागा मोकळी सोडली आणि तिथे नुसत्या द्रावकाचं फडकं फिरवून दोन्हींच्या कडा विरवल्या. त्या पट्टीत कडुनिंबाचा मूळ तांबूस आणि डोळ्यांतला काळा दिसत राहिला. वाडग्यातली सगळ्यात देखणी जागा हीच.

२४ तासांनी पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रे दिला, २५-३० सेंटिमीटरवरून: पहिले तीन हात धुक्यासारखे हलके, दहा-दहा मिनिटांनी, म्हणजे रंग ओला होऊन वाहत नाही. दुसऱ्या दिवशी दोन भरघोस हात. तेल किंवा पिवळसर लॅकर निळ्यावर देऊ नये, निळा हिरवट होतो. हेच काम श्रावणात केलं असतं तर दमट हवेने थर पांढरट पडायची भीती होती, मेमध्ये केलं असतं तर स्प्रेचे थेंब हवेतच सुकून धुरळ्यासारखे बसले असते. मागे पितळी हुक, आणि ग्राहकाला दोन सूचना: समोर ऊन येणारी खिडकी नको, आणि यात खायचं काही ठेवायचं नाही.

तयार वाडगा ४६० ग्रॅमचा होता. पुढच्या मेच्या अखेरीस, नवतपाच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तो पुन्हा मोजला तेव्हा १२ ग्रॅम उतरला होता आणि व्यास एका बाजूने दीड मिलिमीटर कमी झाला होता. तीनपैकी एका सालीच्या पट्ट्याशी केसाएवढी फट उघडली होती. ती भरली नाही. ऑगस्टमध्ये ती मिटलेली होती, आणि काठाचा निळा तपासणीसाठी रंगवलेल्या पट्टीच्या झाकलेल्या अर्ध्याशी अजून जुळत होता.